चारशे सतरा नंबरची नळी

४ फेब्रुवारी

ताई,

आईंना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण मागच्या वेळी मी तुम्हाला सगळ्यात शेवटी कळवलं होतं.

सहा वर्षं तुम्ही माझा फोन उचललेला नाही, तेव्हा पत्राशिवाय माझ्यापुढे मार्ग नाही. दर रविवारी तुम्ही आईंशी बोलता तेव्हा मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत असते. "हवा बदलली की खोकला येतोच," असं त्या तुम्हाला सांगतात, तेही ऐकते. तो खोकला चार महिन्यांचा आहे. डिसेंबरात एकदा दोरीवर वाळत घातलेला त्यांचा रुमाल हातात आला. स्वतः धुतला होता, पण रक्ताचा डाग काही पुरता गेला नव्हता. मी त्याच दिवशी त्यांना माझ्या हॉस्पिटलात नेलं. डाव्या फुप्फुसात गाठ आहे, साडेतीन सेंटिमीटरची. दुसऱ्या फुप्फुसातही पसरलं आहे, म्हणून ऑपरेशन नाही.

उद्यापासून औषध सुरू होतंय. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन. हे नेहमीचं केमो नव्हे. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांना गाठ झोपवून ठेवते; हे औषध त्यांना उठवतं आणि मग त्या गाठीवर जातात. काहींना ते इतकं लागू पडतं की डॉक्टरही चकित होतात. काहींना अजिबात नाही. कुणाला पडेल हे नऊ आठवड्यांनी स्कॅन काढल्याशिवाय कळत नाही, आणि ते नऊ आठवडे फुकट गेले तर परत मिळत नाहीत.

आमच्या लॅबमध्ये सध्या ह्याच्यावरच अभ्यास चालू आहे. औषधाआधी एकदा आणि तीन आठवड्यांनी एकदा रक्त घ्यायचं, जाग्या झालेल्या पेशी मोजायच्या, आणि स्कॅनच्या आधीच अंदाज येतो का ते पाहायचं. अजून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे आकडे डॉक्टरांना दाखवत नाहीत आणि नावं आम्हाला. डॉक्टरीणबाईंनी आईंना विचारलं, रक्त द्याल का. आई म्हणाल्या, "घ्या की. एवीतेवी डास पितातच."

तुम्हाला कळवू नको म्हणाल्या आहेत. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तुमचा धाकटा भाऊ गेला त्या वेळी मी का गप्प बसले ते तुम्हाला माहीत आहे. ताईला कळवायचं नाही, अशी त्यानं शपथ घातली होती. ह्या वेळी मला कुणी शपथ घातलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या धाकट्याची बायको


२६ फेब्रुवारी

ताई,

माझं पत्र पोचलं हे रविवारी समजलं. तुम्ही आईंना थेटच विचारलंत. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "कळवलंस तर," एवढंच म्हणाल्या. जेवताना मात्र दोनदा वाढून घेतलं.

तब्येत ठीक आहे. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस अंग मोडून आलं, हातांवर थोडं पुरळ उठलं, ते मलमानं गेलं. आज दुसरी सलाईन झाली. खोकला आहे तसाच, वाढलेला नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि शेजारच्यांच्या दारावरची पाटी वाचल्याचं सोंग करतात.

तुम्ही तिकडचं पुलाचं बांधकाम अर्ध्यावर टाकून येण्याची गरज इतक्यात दिसत नाही. घाई करू नका. नऊ आठवड्यांनंतरचा स्कॅन होऊ दे, मग ठरवू.

लॅबमध्ये फार गडबड आहे. माझी जोडीदारीण रजेवर, दोघींचं काम एकटीवर. म्हणून पत्र आटोपतं घेते.


१ मार्च

ताई,

मागचं पत्र खोटं आहे. टपालातून परत काढता येत नाही, म्हणून मागोमाग हे पाठवते आहे.

सव्वीस तारखेला सकाळी नर्सनं आईंचं रक्त काढलं आणि माझ्यासमोर नळीवर चिकटपट्टी लावली. शेवटचे तीन आकडे चारशे सतरा. मी मान फिरवायला हवी होती. नियम असा, की आपल्या घरच्या माणसाची नळी ओळखू आली तर ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि वहीत तसं लिहायचं. साडेअकराला नळ्यांचा ट्रे आला. चारशे सतरा तिसऱ्या खाचेत होती. चार तासांत काम झालं नाही तर पेशी मरतात आणि नळी वाया जाते, म्हणून मीच हातात घेतली, असं मी स्वतःला सांगितलं.

जोडीदारीण रजेवर नव्हती. पलीकडच्या टेबलाशी बसली होती. मी तिला म्हटलं, "आज तुझ्या नळ्या पण मी करते, तू तुझा अहवाल पुरा कर." तिनं माझे आभार मानले.

आमच्या मशीनमध्ये रक्तातली एकेक पेशी लेझरच्या उजेडासमोरून जाते. ज्या पेशी जाग्या होऊन वाढायला लागल्या आहेत त्यांना आम्ही आधी रंग लावलेला असतो, त्या पडद्यावर वेगळ्या कोपऱ्यात ठिपक्यांनी उमटतात. औषध लागू पडणाऱ्या माणसात तीन आठवड्यांत त्या ठिपक्यांची गर्दी दुपटीनं तरी होते. मी पहिल्या वेळचं चित्र उघडलं आणि शेजारी आजचं ठेवलं. जवळजवळ तेच. शंभराला तीन होत्या, आता सव्वातीन.

मी मशीन धुतलं, नळी पुन्हा लावली. सव्वातीन.

आतापर्यंत आमच्याकडे तेरा माणसं अशी आली, ज्यांची गर्दी वाढली नाही. त्यांतल्या अकरांना औषधाचा उपयोग झाला नाही. दोघांना झाला. मी तीन दिवस त्या दोघांना धरून बसले आहे. एक कोण, दुसरा कोण, वय काय, काहीच माहीत नाही, तरी जणू ओळखीचे आहेत.

हे डॉक्टरीणबाईंना सांगता येत नाही. सांगितलं तरी त्या ऐकणार नाहीत. चाचणी कच्ची आहे आणि कच्च्या चाचणीवर कुणी औषध बदलत नाही. आईंना सांगावं तर काय म्हणून सांगू? रोज घरी गेल्यावर त्या विचारतात, "आज काय केलंस गं लॅबमध्ये?" आधी मी सांगायचे, कोणती नळी फुटली, साहेब कुणावर चिडले. आता "काही नाही" म्हणते.

तुम्हालाही सांगायला नको होतं. तेरातले अकरा म्हणजे काही देवाचा शब्द नाही. पण मागच्या वेळेसारखं मला एकटीला हे पोटात घेऊन बसता येत नाही. या म्हणावं की येऊ नका म्हणावं, मला ठरवता येत नाही. तुम्हीच ठरवा. आईंना मात्र फोनवर ह्यातलं काही बोलू नका.


१४ मार्च

ताई,

तुमचं पत्र काल आलं. दोनच ओळी. "तू लिहिलं आहेस, मागच्या वेळेसारखं एकटीला पोटात घेऊन. म्हणजे माझ्या भावाच्या वेळीही तुला आधी माहीत होतं?"

हो.

सकाळपासून ह्याच्यापुढे काय लिहावं म्हणून बसले आहे. आई आत रेडिओ ऐकताहेत.

त्याचं यकृत निकामी झालं तेव्हा रक्ताचे सगळे कागद माझ्याच लॅबमधून यायचे. तो जायच्या पंधरा दिवस आधीच आकडे असे होते, की आमच्यातलं कुणीही एक नजर टाकून कागद पालथा घातला असता. मला कळलं होतं. डॉक्टर "बघू या" म्हणत होते आणि मी त्या "बघू या"ला चिकटून होते.

आणि शपथेचं. त्यानं शपथ घातली नव्हती, ताई. त्यानं उलट सांगितलं होतं. "ताईला बोलाव" असं तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा सहज, कूस बदलता बदलता. दुसऱ्यांदा माझा हात धरून. मी तुमचा नंबर लावला होता. एक घंटा वाजली आणि मी फोन ठेवला. तुम्हाला पलीकडे मिस्ड कॉल दिसला असेल, तुम्ही नंतर कधी विचारलं नाहीत.

का, तर तुम्ही दारात उभ्या राहिलात की त्याला कळेल असं मला वाटलं. तुम्ही एवढ्या लांबून उगीच येत नाही. आणि त्याला कळलं की मलाही मान्य करावं लागेल. त्याला मी सांगितलं, "ताईंना सुट्टी मिळाली की येताहेत." तो मंगळवारी गेला. तुम्ही गुरुवारी पोचलात. तुम्ही ओट्याजवळ उभ्या राहून विचारलंत, "त्यानं मला बोलावलं नाही?" तेव्हा शपथ माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडली. आईंना वाटलं खरंच घातली असेल. त्यांनाही मी तेच सांगत आले.

सहा वर्षं तुम्ही माझ्यावर रागावला आहात, की शपथ मोडून का कळवलं नाही. तो राग मला परवडत होता. त्याच्याखाली हे होतं.

आणखी एक सांगायचं आहे. परवा मी मोठ्या साहेबांकडे जाऊन नळीचं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "घरी कुणाला सांगितलंस?" मी म्हटलं, "नणंदेला. पत्रानं." मग म्हणाले, "चारशे सतरा अभ्यासातून काढून टाकावी लागेल. म्हातारीनं हात पुढे करून रक्त दिलं, आणि ते आता कुणाच्याच कामाचं नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं. मला मशीनवरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं आहे. दिवसभर खोक्यांवरच्या तारखा तपासते.

तुम्ही आता आईंना रविवारीसुद्धा फोन करणार नाही की काय, ह्याची धास्ती आहे. तेवढं करू नका. माझ्यावरचं त्यांच्यावर काढू नका.


११ एप्रिल

ताई,

तुम्ही दर रविवारी फोन करता आणि माझ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आईंनी ते ओळखलं आहे.

परवा स्कॅन झाला, आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. जे झालं ते झालं तसं लिहिते.

गाठ साडेतीनाची साडेचार झाली आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. म्हणाल्या, "ह्याचे दोन अर्थ निघतात. एक, औषध चालत नाही आणि गाठ वाढते आहे. दुसरा असा, की लढणाऱ्या पेशी गाठीत शिरल्या की ती सुजते, आणि स्कॅनवर मोठी दिसते. क्वचित होतं, पण होतं. तसं असेल तर आणखी चार आठवडे थांबून पुन्हा बघायचं. नसेल तर आजच केमो जोडायला हवं."

आईंनी विचारलं, "ह्यातलं कोणतं?"

"आज सांगता येत नाही."

"आणि थांबले, आणि ती सूज नसली, तर?"

"तर कदाचित तुमच्या अंगात केमो सोसायची ताकद उरणार नाही. आणि सूज असली, तर केमोचा त्रास विनाकारण."

मी हातातल्या फाइलच्या दोऱ्याची गाठ सोडत होते, बांधत होते. खोलीत एसीचा आवाज होता. आईंनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हिला विचारा. दीड महिना झाला, ही घरी येऊन 'काही नाही' म्हणते. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन तुटलेली आहे की पलीकडे माणूस गप्प बसलाय, एवढं मला कळतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी त्यांना नळी बाद झाल्याचं कळवलं होतं, का ते नव्हतं सांगितलं. त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्या लगेच म्हणाल्या, "तो आकडा मी वापरू शकत नाही. मला सांगू नका."

"तुम्ही नका वापरू," आई म्हणाल्या. "रक्त माझं आहे. तुम्ही पाच मिनिटं बाहेर जाता, की आम्ही जाऊ?"

आम्ही बाहेर गेलो. बाकावर एक माणूस पेपर वाचत बसला होता, तो उठून दुसरीकडे गेला. मी आईंना सगळं सांगितलं. तीन आणि सव्वातीन. तेरा, अकरा, दोन. चाचणी कच्ची आहे आणि मी ती चोरून पाहिली, हेही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पेशी उठल्याच नाहीत. माझ्याच खात्यातल्या दिसतात. साहेब आल्याशिवाय उठत नाहीत."

मला हसू आलं आणि मग थांबेना, आणि ते हसू नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. वाट बघत बसल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "तुला काय वाटतं? आकड्याचं नाही विचारत."

"थांबू नये."

"मलाही नाही थांबायचं. आकडा नसता तरी नसते थांबले. माझा दम मला कळतो, तो मागच्या महिन्यापेक्षा कमी आहे." मग जरा वेळानं, "धाकट्याच्या वेळी पण तुला असंच माहीत होतं?"

तुम्ही विचारलात तोच प्रश्न, ताई. तोच शब्द. मी हो म्हटलं. शपथेचंही सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "केमो लावा." घरी येईपर्यंत रिक्षात माझ्याशी बोलल्या नाहीत. अजून बोललेल्या नाहीत. जेवायला वाढलं तर जेवल्या, ताट स्वतः उचललं.

एक मार्चच्या पत्रात तुम्हीच ठरवा म्हटलं होतं. ती पळवाट होती. आज सरळ लिहिते. या. मला स्कॅन कळत नाही, सूज कळत नाही, पण आईंना आता त्यांची लेक हवी आहे, आणि घरात जी आहे ती त्यांना बघवत नाही.


२० जून

ताई,

तुम्ही परत तिकडे पोचल्याचं आईंच्या फोनवरून कळलं. तुम्ही इथे सतरा दिवस होतात, त्यांतले पहिले नऊ माझ्याशी बोलला नाहीत. दहाव्या दिवशी आईंना उलट्या होत होत्या. मी बादली धरली होती आणि तुम्ही म्हणालात, "मी धरते, तू पाणी आण." त्यानंतर आपण दोघी जेवढं बोललो तेवढं कामाचंच बोललो. विमानतळावर तुम्ही म्हणालात, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण तुझी पत्रं मी ठेवली आहेत." मी त्यावर काहीच बोलले नाही, कारण जे बोलले असते ते पुन्हा तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले असते.

तुमच्यामुळे आईंनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते त्या सांगत नाहीत. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी त्यांनी हाक मारून विचारलं, "तो दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कोणता हात धरला होता?" मी उजवा म्हटलं. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि थोडा वेळ धरून ठेवला.

आज स्कॅनचा निकाल आला. गाठ साडेचारावरून तीनवर आली आहे. दुसऱ्या फुप्फुसातलं जे होतं ते जवळजवळ दिसत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे केमोनं झालं, की आधीचं औषध उशिरा लागू पडलं? म्हणजे तेव्हा ती सूजच होती का? त्या म्हणाल्या, "दोन्ही एकत्र चालू आहेत, आता वेगळं करून सांगता येणार नाही. कुणालाच." तेव्हा आपला आकडा खरा होता की आई त्या दोघांच्या जोडीला तिसऱ्या, हे कधीच कळणार नाही. नळी बाद झाली आहे. मोठे साहेब जिन्यात भेटले, त्यांनी आईंची चौकशी केली, मशीनचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

केमोचा आणखी एक डोस, मग नुसतं पहिलं औषध चालू ठेवायचं. केस गेले आहेत. आई म्हणतात, तेवढाच शाम्पू वाचला. काल जिना न थांबता चढल्या.

हे पत्र मी लिहून झाल्यावर त्यांना वाचायला दिलं. ह्यापुढे असंच करायचं असं आमचं ठरलं आहे. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "मणक्याचं राहिलं."

डॉक्टरीणबाईंनी आज आणखी एक गोष्ट सांगितली. मणक्याच्या खालच्या बाजूला तीन मिलिमीटरची एक खूण दिसते आहे. मागच्या स्कॅनमध्ये नव्हती. काहीही नसेल असं त्या म्हणाल्या, किंवा असेल. बारा ऑगस्टला पुन्हा बघायचं आहे.

मी ते लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.